टाकीला हार, थर्मासला चहा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे, आणि खोटं कशाला बोलू, मी जळका आहे.

चिकलठाण्यातल्या एका पशुप्रयोगशाळेत चहा धरण्यात माझं आयुष्य गेलं. समोरच्या कोपऱ्यात नायट्रोजनची टाकी. गाईंची बीजं तिच्या पोटात वर्षानुवर्षं गोठून राहतात. झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो, पाहुणे फोटो काढतात. खंडेनवमीला हार तिला, हळदकुंकू तिला. माझ्या कपाळी कुंकवाचं बोटसुद्धा नाही.

एका सकाळी पाचोडहून भागूबाईंचा फोन आला. त्यांची देवणी जातीची गाय पोट फुगून गेली होती. चार वेतं, चारही गोऱ्हे. कालवड एकही नाही. वंश तिथंच संपणार. आमच्या डॉक्टर करुणा मॅडम म्हणाल्या, गाय गेली तरी तिच्या अंडाशयातली बीजं काही तास जगतात, फक्त ती उबेत आणायला हवीत; पुढं त्यांतून दुसऱ्या गाईच्या पोटी कालवड वाढवता येईल. गाडीत न्यायची उबेची पेटी नेमकी दुरुस्तीला गेलेली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला उचललं. उकळत्या पाण्यानं तीनदा धुतलं, कोमट सलाइन भरलं. निघताना मी टाकीकडं बघून मनातल्या मनात मिशीवर ताव दिला.

पाचोडला मॅडमनी अंडाशयं काढून माझ्यात ठेवली आणि त्या हात धुवायला गेल्या. तेवढ्यात आमचा ड्रायव्हर बिभीषण रसवंतीवरून बर्फ घेऊन आला. त्यानं जन्मभर टाकीच वाहिलेली. जपायचं म्हणजे गार करायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं माझं बूच उघडलं. मित्रांनो, लाजेनं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. बीजं गारठून मेली तर टाकी मिरवणार कशावर?

भागूबाई गाईच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काय टाकतो रे त्याच्यात?"

"बर्फ, मावशी. नासू नाय म्हणून."

"नासायला ते काय दूध हाय? अंडं बर्फात ठिवून पिल्लू निघंल व्हय?"

मॅडम धावतच आल्या. गाईचं बीज थंडीला लई नाजूक, नुसतं गारठलं तरी आतून मोडतं, असं त्यांनी बिभीषणला समजावलं. भागूबाईंनी बूच घट्ट लावलं, मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. तेव्हा मात्र माझी मलाच शरम वाटली. चिकलठाण्यापर्यंत मी ऊब धरून ठेवली.

अकरा बीजं चांगली निघाली. मॅडमनी ती दिवसभर उबेत पिकवली, आत बर्फाचे काटे होऊ नयेत म्हणून खास औषधात बुडवली आणि पापणी लवायच्या आत गोठवून ठेवली. कुठं? टाकीतच! पुन्हा धूर, पुन्हा फोटो. मी फडताळावर.

आठवड्यानं भागूबाई आल्या. टाकीतला धूर बघून दोन पावलं मागं सरकल्या. मग म्हणाल्या,

"अन् माझ्या मांडीवरचा तो कुठंय?"

त्यांनी पिशवीतून करंडा काढला. माझ्या कपाळी पहिलं बोट लागलं.

आता माझ्यात कुणी चहा भरत नाही. टाकीचा हेवा अजून वाटतो. पण रोज सकाळी मी तिला विचारतो, अकराही बरी आहेत ना? ती नुसता धूर सोडते. थंडच आहे ती.

मित्रांनो, टाकीला हार जरूर घाला. फक्त तिच्यापर्यंत ऊब कुणी आणली, तेही एकदा विचारा. आणि कुठलाही जुना थर्मास हाती आला, तर बूच तेवढं घट्ट लावा.