बुजवलेल्या खिडकीची भिंत

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी रडगाणं गाणार नाही. कीव करायची असेल तर समोरच्या कुंपणाकडे जा, त्याला ते आवडतं.

मी निव्वळ विटांची. अंगात तेव्हा लोखंड नव्हतं. माझ्या गवंड्याने पाण्यात भिजवलेल्या विटा एकावर एक रचून मला ओळंब्याच्या दोरीत सरळ उभं केलं. माझी बहीण, म्हणजे कोपऱ्यातली आडवी भिंत, वर्षभराने आली. आम्ही भेटलो खऱ्या, पण तिच्या विटा माझ्या विटांत गुंतवायच्या राहूनच गेल्या. वरून गिलावा झाला आणि सगळ्यांना वाटलं, बहिणींनी हात धरलेत. आम्ही नुसत्या खांद्याला खांदा लावून उभ्या होतो.

आमच्या आत शिवणकामाचा कारखाना सुरू झाला. अकरा मशिनींवर अकराजणी, मधे कापड कापायचं मोठं लाकडी टेबल. कोपऱ्याला लागून माझ्यात एक खिडकी होती. तिथल्या उजेडात बसून एक मावशी दिवसभर शर्टांना हाताने काजं करायच्या, म्हणून त्या काजेमावशी. दुसरं कुणी खिडकीत टेकलं की म्हणायच्या, "ऊठ गं, माझ्या चष्म्यावर बसलीस."

मग एके दिवशी, इमारत भूकंपात टिकेल का ते बघायला, इंजिनियर ताई आल्या. त्यांनी मला बोटांनी टकटक करून पाहिलं, कोपऱ्यातला गिलावा थोडा फोडला आणि आम्हा बहिणींचं गुपित उघडं पडलं.

"पाडूनच टाकू," कारखान्याचे मालक म्हणाले. "जुनं ते जुनंच."

चाळीस वर्षं तुमचं छप्पर डोक्यावर घेतलंय मी, आणि पाडूनच टाकू? भिंतीला कान असतात म्हणता, तर बोलताना जरा भान ठेवा.

"पाडायला नको, लोखंडी जाळीने बांधून घेऊ," ताई म्हणाल्या. "पण ही खिडकी बुजवावी लागेल. कोपऱ्याजवळ भोक असलं की जमीन हलल्यावर तोच कोपरा आधी सुटतो."

काजेमावशींनी सुई खाली ठेवली. "आणि माझे डोळे? ते काय शेजारणीकडून उसने आणू?"

"चांगला दिवा देऊ, मावशी."

"दिव्याला काय कळतंय, काळा दोरा कुठला नि निळा कुठला."

तरी काम सुरू झालं. गवंडीदादांनी माझा गिलावा विटांपर्यंत खरवडला. खूप झोंबलं, पण मी जागची हलले नाही. आतून आणि बाहेरून लोखंडी जाळ्या बसल्या, आरपार तारांनी एकमेकींना बांधल्या गेल्या, कोपऱ्यावरून वळून बहिणीच्या अंगावर गेल्या. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून साऱ्या इमारतीला एकच सलग लोखंडी पट्टा आला. छपराचे वासेही माझ्याशी जखडले.

जाळी बसण्याआधी खिडकी बुजवताना मात्र गवंडीदादा नुसत्या विटा भरत सुटले. काजेमावशी बघत होत्या.

"अहो, नव्या विटा जुन्यांत अडकवत का नाही?"

"वरून जाळी येणारच आहे, मावशी. कशाला तोडफोड?"

"ठिगळाच्या कडेला टाके घालायचे नाहीत, तर ठिगळ लावायचं कशाला? माझी खिडकी घेतलीत ना, मग धड तरी बुजवा."

दादांनी पुटपुटत विटा उपसल्या आणि पुन्हा गुंतवून बसवल्या.

पुढे सहा वर्षं मावशी मला 'आंधळी' म्हणत. म्हणू देत. मी उभी होते.

एका दुपारी जमीन घुमली आणि मग हादरली. सगळ्याजणी टेबलाखाली शिरल्या. माझी बहीण बाहेर ओढली जाऊ लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा हात जाणवला. घट्ट. झोपलेल्या बाळाला उचलताना मानेखाली हात घालतात ना, तसं आम्ही दोघींनी छप्पर तोललं. हादरे थांबले. बाराही जणी आपल्या पायांनी चालत बाहेर गेल्या.

मला तडे गेले. हो, गेले, ताठ मानेने सांगते. ताईंनी तेव्हाच बजावलं होतं, "भिंत तडकणार नाही, असं वचन मी देत नाही. माणसं जिवंत बाहेर यावीत, यासाठी ही खटपट."

दुसऱ्या दिवशी मालक रंगारी घेऊन आले. "पुट्टी भरून रंग मारा. उद्यापासून काम सुरू."

काजेमावशी दारातच उभ्या राहिल्या. "उसवलेलं कापड इस्त्रीने शिवलं जात नाही, मालक. आधी ताईंना बोलवा. त्या बघतील, तडे आतपर्यंत भरतील. तोवर आमच्यातली एकही आत पाऊल टाकणार नाही."

"ऑर्डर तोंडावर आलीये, मावशी."

"भिंत अंगावर येण्यापेक्षा बरी."

मागे अकराजणी स्टुलं मांडून बसल्या. मालकांनी रंगाऱ्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं आणि ताईंना फोन लावला.

मित्रांनो, तुमच्या घरात भिंतीला तडा दिसला तर त्यावर कॅलेंडर टांगू नका. मोठ्यांना हाताला धरून आणा, दाखवा, ऐकेपर्यंत पिच्छा पुरवा. आम्ही जुन्या असू, दुबळ्या नाही. आम्हाला एकमेकींशी नीट बांधा आणि जखमा रंगाखाली न लपवता भरा. मग जमिनीला म्हणावं, ये पुन्हा.