चौथं कुत्रं

छोटूने चाळिशी ओलांडली होती, तरी घरात आणि घराबाहेर त्याला अजून छोटूच म्हणत. त्याच्या ताईच्या मते यात लोकांची काहीही चूक नव्हती.

ताई कवळ्या बनवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं काम चालायचं. दातांच्या डॉक्टरांकडून रोग्यांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतून ती साचे काढायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून कवळी लखलखीत करायची. दिवसभर परक्या तोंडांशी गाठ असल्यामुळे म्हणा किंवा मुळातला स्वभाव म्हणा, माणसांच्या हसण्याला ती भुलत नसे. छोटूच्या हसण्याला तर नाहीच नाही. छोटू हसत आला की काहीतरी गळ्यात पडणार, हे तिला पाठ झालं होतं.

छोटूला हौशी फार. आधी सायकल आणली, मग गिटार, मग मडकी घडवायचं चाक. प्रत्येक हौस गाजावाजा करून सुरू व्हायची, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना तिचे फोटो जायचे, आणि महिन्याभरात ती वस्तू ताईच्या मागच्या पडवीत येऊन पडायची. "तुझ्याकडे जागा आहे म्हणून," असं तो म्हणायचा. जागा नव्हती. पण सायकलीला खायला लागत नाही, म्हणून ताई बोलली नव्हती.

मग त्याने कुत्रं आणलं.

भटक्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊन त्याने एक तपकिरी, हाडकुळा, एका कानाचा तुकडा गेलेला कुत्रा निवडला आणि त्याचं नाव सम्राट ठेवलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आपण एक जीव वाचवला. पहिल्या आठवड्यात त्या जिवाचे इतके फोटो निघाले की छोटूच्या लग्नातही निघाले नसतील. दुसऱ्या आठवड्यात बायकोने सांगितलं की गालिच्यावर मुतणारा सम्राट एक तर तू बाहेर काढ, नाहीतर मी बाहेर पडते. तेव्हा छोटू हसत हसत ताईच्या दारात उभा राहिला. हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला सम्राट.

"ताई, दोनच दिवस. बाहेरगावी चाललोय."

"माझ्याकडे तीन आहेत."

"तेच तर. त्याला सोबत होईल. कुत्र्यांचं काय, प्रेम दिलं की झालं."

छोटूशी वाद घालणं ताईने कधीच सोडून दिलं होतं. भिंतीशी बोलावं तर ती निदान मध्येच फोन काढून बघत नाही.

ताईच्या तीन कुत्र्यांचा संसार मोठ्या कष्टाने बसलेला होता. काळी आजी सगळ्यांत जुनी. गुडघे धरलेले, नजर अधू, पण नुसता ओठ जरासा वर उचलला की अंगणात शांतता. हवालदार पिवळा, लांब तंगड्यांचा. फाटकासमोरून कोण गेलं, कोण आलं याचा पंचनामा केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याचं डोकं तापट होतं, आणि ताईचा जीव त्याच्यावरच जास्त होता. तिसरा भोपळ्या. त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच की तो खायचा आणि झोपायचा.

नव्या कुत्र्याला असा एकदम या तिघांत सोडणं म्हणजे आ बैल मुझे मार. ताईने आधी त्याला घराबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेलं, मग एकेकाला पट्टा बांधून तिथे आणलं. लांबून चालवलं, मग थोडं जवळून. घरात मधल्या दाराला फळी लावली, त्याचं ताट वेगळ्या खोलीत ठेवलं. कामं खोळंबली. एका डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले, कवळी कुठवर आली म्हणून.

खरं तर एवढ्या तयारीची गरज नव्हती. सम्राट भांडण्याच्या लायकीचाच नव्हता. आजीला बघितल्याबरोबर तो उताणा झाला. हवालदाराने हुंगल्याबरोबर उताणा झाला. भोपळ्याने तर त्याच्याकडे बघितलंही नव्हतं, तरी त्याच्यापुढे उताणा झाला. ताईने "ये" म्हटलं की तो पोट जमिनीला घासत सरपटत यायचा, आणि आवाज जरा चढला की आहे तिथेच मुतायचा. आजीने पहिल्याच दिवशी त्याच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. हवालदार दोनदा भुंकला, आणि पुढचा उत्साह वाया घालवायचा नाही असं ठरवून फाटकाकडे गेला.

ताईला त्याची किळस आली. मार खाल्लेलं जनावर तिने पाहिलं नव्हतं असं नाही. आजी तर तिला गटाराच्या कडेला सापडली होती, तीन ठिकाणी फाटलेली, आणि तशा अवस्थेतही उचलायला गेल्यावर ताईच्या मनगटाला धरलं होतं. तो चावा ताईला अजून आवडायचा. पण हे लाचार ध्यान. ज्याच्या त्याच्या पायाशी लोळायचं, ज्याच्या त्याच्याकडे बघून शेपूट हलवायची. आपल्या घराण्यातलाच दिसतो, असं तिच्या मनात आलं. छोटूही लहानपणी शिक्षकांपुढे, पुढे साहेबांपुढे असाच उताणा व्हायचा. फक्त त्याचे फोटो निघत नसत.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, दोन महिने झाले. फोन केला की छोटू म्हणायचा, "उद्या नक्की." नंतर फोन उचलेनासा झाला. सम्राट ताईच्या कामाच्या टेबलाखाली बसायला लागला. चाक सुरू झालं की थरथरायचा, पण तिथून हलायचा नाही. "हो बाजूला," ताई पायाने त्याला सरकवत म्हणायची. तो सरकायचा आणि ज्या पायाने सरकवलं तोच पाय चाटायचा.

"शी," ताई म्हणायची.

एका रविवारी सकाळी छोटू अचानक उगवला. बरोबर ऑफिसातली एक सहकारी होती, गळ्यात मोठा कॅमेरा. ऑफिसच्या मासिकात छोटूवर लेख येणार होता: घर आणि नोकरी सांभाळून मुक्या प्राण्यांची सेवा करणारा आपला सहकारी. आता सेवा म्हटली की प्राणी दिसायला हवेत, म्हणून दोघं इथे आले होते.

"ही माझी ताई," छोटूने ओळख करून दिली. "कुत्र्यांच्या बाबतीत मला हिची फार मदत होते."

ताई हात पुसत होती. ती पुसतच राहिली.

आणि सम्राटने काय करावं? छोटूला बघून तो वेडा झाला. टेबलाखालून सुटला, अंगणात गोल गोल धावला, छोटूच्या पायांत घुसला, कण्हला, लोळला, पुन्हा धावला. ज्याने आपल्याला जुन्या सायकलीसारखं पडवीत टाकलं, त्याच्यासाठी एवढा आनंद. ताईला इतकी शरम वाटली की तिने मान फिरवली.

"बघितलंत?" छोटू त्या सहकारी बाईला म्हणाला. "विसरत नाहीत." आणि त्याने पिशवीतून बिस्किटांचा मोठा पुडा काढला. "चौघं एकदम खाताना घ्या. कुटुंबासारखं दिसेल."

"चौघांत मिळून खाणं टाकू नकोस," ताई म्हणाली. "वेगवेगळं देते मी त्यांना."

"ताई, तू उगाच त्यांना बिघडवतेस."

त्याने पुडा फोडून अंगणाच्या मधोमध बिस्किटं उधळली.

आजीने ओठ उचलला, पण भोपळ्या खाण्यापुढे कुणाचा ओठ बघत नाही. तो घुसला, आजीने त्याला धरलं, हवालदार दोघांवर तुटून पडला, आणि क्षणात अंगणात नुसती केस, दात आणि किंकाळ्यांची गुंतवळ झाली. कॅमेरावाली बाई शहाणी निघाली. ती फाटकाबाहेर गेली आणि तिने फाटक ओढून घेतलं. उरलेला पुडा हवालदाराच्या तोंडात सापडला होता. छोटूने तो खेचला, आणि हवालदाराने पुडा सोडून छोटूचा हात धरला.

ताईने पाण्याची बादली उचलून तिघांवर ओतली. हवालदाराला मानेच्या पट्ट्याला धरून खोलीत ढकललं, भोपळ्याला दुसरीकडे. आजी आपली आपण बाजूला झाली. तोवर छोटू गच्चीच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचला होता. सम्राट पाण्याच्या पिंपामागे भिंतीला चिकटून बसला होता आणि त्याच्याखाली ओघळ आला होता. त्याने एका बिस्किटालाही तोंड लावलं नव्हतं.

"सम्राट चावला मला," छोटू वरूनच म्हणाला. आवाज फाटकाबाहेर जाईल इतका मोठा होता. "एवढं प्रेम दिलं, तरी शेवटी अंगावर आलाच. काय भोगून आलेले असतात, भरवसा नसतो."

ताईने वर बघितलं. छोटूने नजर चुकवली, तेव्हा तिला कळलं की कोण चावलं हे त्याला नीट माहीत आहे. हवालदाराचं नाव घेतलं तर ताईशी गाठ होती. सम्राटचं घेतलं तर हौस संपल्याचं कारण आयतंच हातात येत होतं.

तिने त्याचा हात साबणाने धुतला, डॉक्टरांकडे सुई घ्यायला जा म्हणाली, आणि बाकी काहीच बोलली नाही.

संध्याकाळी तिला आपल्या गप्प बसण्याचं नवल वाटलं नाही. हिशेब सरळ होता. छोटू कळवेल, निवाऱ्याची माणसं येतील, सम्राटला नेतील, घर पूर्वीसारखं तिघांचं होईल. हवालदाराकडे कुणी बोट दाखवणार नाही. टेबलाखालचं ते लाचार ओझं जाईल. छोटू खोटं बोलतोय, पण ते नवीन नव्हतं, आणि या वेळी त्याचं खोटं तिच्याही सोयीचं होतं. हवालदाराच्या पाठीवरून हात फिरवताना तिला हे सगळं पटत होतं. फक्त जेवण जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निवाऱ्याची बाई आली. उन्हात रापलेली, बुटांवर चिखल, खांद्यावर पट्ट्यांची पिशवी. छोटू हाताला ठळक पट्टी बांधून आधीच हजर होता. त्याने झाला प्रकार सांगितला, म्हणजे झालाच नव्हता तो प्रकार सांगितला. मध्ये मध्ये गळाही दाटून आणला. बाईने ऐकून घेतलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. सम्राटने तिलाही शेपूट हलवली.

"हा चावला?" बाई म्हणाली. "आमच्याकडे कधी दात दाखवले नव्हते याने."

"मलाही धक्काच बसला."

"मग याला शेवटच्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल. एकटा. चावरा म्हटल्यावर पुढे कुणी नेत नाही." ती पिशवीतून पट्टा काढत होती. "राहील तिथेच मरेपर्यंत. काय करणार."

"वाईट वाटतं हो," छोटू म्हणाला, आणि ताईकडे बघून हसला. नेहमीचं ते हसू, पण आज त्यात तिलाही जागा करून दिलेली होती. आपण दोघं एका बाजूचे, असं.

ताईला ती जागा नको होती.

"हा नाही चावला," ती म्हणाली. "माझा पिवळा चावला. छोटूने त्याच्या तोंडचा पुडा ओढला म्हणून. मी समोर उभी होते."

छोटूचं हसू जागच्या जागी राहिलं, त्याला उतरायचं सुचलं नाही. "ताई, गडबडीत तुझा काहीतरी गोंधळ झालाय."

"गोंधळ तुझा झाला. तू जिना चढत होतास, आणि हे पिंपामागे मुतत होतं. दोघांचं धैर्य सारखंच. पण त्याने नंतर कुणाचं नाव नाही घेतलं."

निवाऱ्याच्या बाईने आळीपाळीने दोघांकडे बघितलं. मग पट्टा परत पिशवीत टाकला. "तरी यांच्याकडे परत देता येणार नाही. तुम्ही ठेवता का?"

"ठेवते."

"ताई, मासिकात माझ्यावर लेख येतोय," छोटू हळूच म्हणाला. "लोक विचारतील."

"सांग त्यांना, ताईची फार मदत होते."

छोटू गेला. जाताना सम्राट फाटकापर्यंत त्याच्या मागे गेला, शेपूट हलवत, आणि फाटक लागल्यावर तिथेच बसून राहिला. निवाऱ्याची बाई चहा घेता घेता त्याच्याकडे बघत होती.

"आवडतो वाटतं तुम्हाला."

"नाही," ताई म्हणाली.

"मग?"

"आवडायला कशाला पाहिजे? राहील."

पावसाळा सरत आला तरी सम्राट काही बदलला नाही. छोटू पुढे दोन-तीनदा आला, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला, आणि प्रत्येक वेळी सम्राटने त्याच्यासाठी तोच तमाशा केला. ताई प्रत्येक वेळी "निर्लज्ज" म्हणाली. कुणाला, ते तिने सांगितलं नाही. मधल्या दाराची फळी तिने काढून टाकली. चार ताटं एका ओळीत ठेवायला लागली, मध्ये हातभर अंतर ठेवून, आणि संपेपर्यंत स्वतः उभी राहायची.

असंच एकदा भोपळ्याने आपलं ताट चाटून झाल्यावर शेजारच्या ताटात नाक खुपसलं. सम्राटने नेहमीप्रमाणे मागे सरकायला सुरुवात केली. मग तो थांबला, आणि त्याच्या घशातून एक बारीक आवाज आला. गुरगुर म्हणावी तर तिला खोकला झाला असावा अशी होती. भोपळ्याने मान वर केली, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि निघून गेला. आजीने झोपेतच एक कान हलवला.

सम्राट घाबरून ताईकडे बघत होता, आता मार बसणार अशा तयारीने.

"एवढंच?" ताई म्हणाली. "खा आता."