तो लॅपटॉप उठवू नकोस

भाविकदादाला मी हवी होते, कारण मला काही येत नाही. म्हणजे त्याने अगदी असंच सांगितलं.

भाविकदादा माझा चुलतभाऊ. डहाणूत घरी बसूनच तो कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात लिनक्सची माहिती नीट करून देतो. लिनक्स म्हणजे आमच्या शाळेच्या लॅपटॉपमध्ये विंडोजच्या जागी जे आहे ते. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मशीनला झोपवायचं कसं आणि उठवायचं कसं, हे त्या कर्नलच्या माहितीत लिहिलेलं आहे, पण ज्यांना येतं त्यांनी ज्यांना येतं त्यांच्यासाठी लिहिल्यासारखं. दादा ते पान नव्याने लिहीत होता. रविवारी सकाळी त्याने मला हाक मारली आणि वाचायला बसवलं.

"जिला येत नाही तिला समजलं पाहिजे," तो म्हणाला. "बाकीचे सगळे नुसतं छान म्हणतात."

गेल्या वर्षीची वेणू, म्हणजे मीच, 'हो हो, समजलं' म्हणून पळाली असती. पण यंदा कॉम्प्युटर लॅब मी सांभाळते, आणि विचारल्याने कुणी मरत नाही हे मला कळलंय. मी खुर्ची ओढली आणि त्याला प्रत्येक ओळीला अडवायला लागले.

झोपा दोन प्रकारच्या. एका झोपेत सगळं मेमरीतच राहतं, म्हणून थोडी तरी वीज लागते. दुसरी हायबरनेशन. तिच्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं. एवढं मला येत होतं. आमच्या लॅबमधल्या एकाही लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही आणि शाळा सुटली की शिपाईमामा मेन स्विच पाडतात. म्हणून मीच सगळ्यांना दुसरी झोप शिकवली होती. शुक्रवारी रूपीची फिल्म उघडी असताना तिचा लॅपटॉप तसाच झोपवला होता.

रूपी माझी मैत्रीण. तलासरीजवळच्या पाड्यावरची, शाळेच्या होस्टेलला राहते. तिची आई रानातून कडू कंद खणून आणते, त्याच्या चकत्या करते, टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवते आणि कडूपणा निघून गेला की शिजवते. रूपीने श्रावणात घरी जाऊन जाऊन ते सगळं घरच्या फोनवर घेतलं होतं. फोन भरला म्हणून पेनड्राइव्हवर टाकून तिथलं पुसलं. आता थंडीत रानात त्या कंदाचा वेल शोधूनही सापडायचा नाही. सोमवारी तलासरीला प्रदर्शन होतं आणि फिल्म फक्त त्या पेनड्राइव्हवर होती. दोन ठिकाणी ठेवा असं शाळेतल्या क्रांती मॅडम बजावून सांगत होत्या. आम्ही दोघी मान डोलवत होतो.

तर दादाच्या पानावर एक ओळ आली: झोपवल्यापासून उठवेपर्यंत डिस्कला हात लावू नये, नाहीतर माहिती जाईल.

मी म्हटलं, ठीक आहे, लॅपटॉप खोलून डिस्कला हात कोण लावतंय?

"डिस्क म्हणजे आतलीच नाही. झोपताना पेनड्राइव्ह लावलेला असेल तर तोही आला," दादा म्हणाला.

लॅपटॉप झोपलेला असताना आमच्या वर्गातला मिथुन शनिवारी तोच पेनड्राइव्ह काढून कासा गावी बॅनर छापायला घेऊन गेला होता. वर, बॅनरचे फोटोपण त्यात टाकलेत, असं मला फोन करून कौतुकाने सांगितलं होतं.

दादाला विचारलं, फोटो टाकल्याने फिल्मचं काय बिघडतं? तो म्हणाला, फोटोंनी काही नाही, उठवल्यावर बिघडतं. माझ्या आईचं, म्हणजे तुझ्या काकीचंच बघ. दुपारी आडवी होताना कुठल्या वलांडीवर वाळत टांगलेले बोंबील सुकलेत ते ती डोक्यात ठेवते. ती झोपलेली असताना आत्याने तिथे ओले बोंबील टाकले, तर काकी उठून न बघताच तेच टोपलीत भरणार आणि सगळी टोपली सडवणार. लॅपटॉपपण उठल्यावर बघत नाही. पेनड्राइव्ह जसा होता तसाच आहे असं धरून त्याच्यावर लिहितो.

फिल्मची शेवटची नावं टाकायला रूपी आजच लॅबमध्ये जाणार होती. तिच्याकडे फोन नाही. क्रांती मॅडम उचलेनात. मी मिथुनला लावला.

तो लॅबमध्येच होता. पेनड्राइव्ह परत लावलाय, असं त्याने आपण होऊन सांगितलं.

"रूपीला बटण दाबू देऊ नकोस," मी म्हटलं.

"का?"

"मिथुन, तिचा हात धर."

"मी नाही बाबा. ती मारते."

मग फोनवर खरखर झाली आणि रूपीचा आवाज आला. "काय गं?"

"दाबलंस?"

"कसं दाबू? हा शहाणा कधीचा चार्जर शोधतोय."

मी दादाच्या पलंगावर बसले. बसले कसली, पडलेच. "रूपी, पेनड्राइव्ह काढ."

"काढला."

"कुठे आहे?"

"मुठीत. वेणू, माझी फिल्म गेली काय?"

मला माहीत नव्हतं. मी दादाकडे बघितलं. त्याने मान हलवली, म्हणाला, झोपण्याआधी मशीन सगळं लिहून घेतं, फिल्म जागेवर असणार. मी तसंच तिला सांगितलं, पण माझाच आवाज मला खरा वाटेना.

दादाच्या गाडीवरून आम्ही शाळेत गेलो. पेनड्राइव्ह बाहेरच ठेवून दादाने लॅपटॉप चालू केला आणि जुनी झोप विसरून नव्याने सुरू हो, असं त्याला चालू होतानाच सांगितलं. शुक्रवारी रूपीने लिहिलेली आणि सेव्ह न केलेली नावं गेली. बाकी लॅपटॉप ठीक होता. मग रूपीने मूठ उघडली. पेनड्राइव्ह घामाने ओला झालेला, मिथुनने तो शर्टाला पुसून दिला.

फिल्म चालू झाली. रूपीच्या आईचे हात पाण्यात टोपली दाबून धरतात तो भाग आला, तेव्हा रूपी पहिल्यांदा नीट श्वास घेऊन मागे टेकली. "इथपर्यंत चालली म्हणजे सगळी आहे," ती म्हणाली. सगळी होती. ती आम्ही लॅपटॉपवर घेतली, दादाच्या फोनवर घेतली, आणि तेवढ्यात क्रांती मॅडम आल्या तर त्यांच्याही फोनवर घेतली. मॅडमनी का ते विचारलं. आम्ही सांगितलं. दोन ठिकाणी ठेवा हे त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं, आणि आम्ही या वेळी खरंच ऐकलं.

संध्याकाळी दादा म्हणाला, ती ओळ आता तूच लिही. मी इंग्रजीत लिहिलं की पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डसुद्धा यात येतात, म्हणून झोपवण्याआधी ते बंद करून काढून ठेवा. दादाने मी विसरलेले 'the' कुठे कुठे घातले आणि जिथे जगभरातले लोक असे बदल तपासतात तिथे ते माझ्या नावाने पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही प्रदर्शनाहून परत आलो तर एकाचं उत्तर आलं होतं: जे हे वापरतात त्यांना एवढं माहीत असतं. दादा उत्तर द्यायला सरसावला. मी त्याला बाजूला केलं आणि स्वतः लिहिलं: मी हे रोज वापरते आणि मला माहीत नव्हतं. माझी मैत्रीण तिची फिल्म घालवून बसणार होती.

पाठवल्यावर ते मी चारदा वाचलं. पण मागे घ्यावंसं एकदाही वाटलं नाही.

मग ते पान सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. ओळ बरोबर आहे, पण वर धोक्याच्या सूचनेत नको, लोक सूचना वाचत नाहीत. जिथे झोपवायची कृती दिली आहे तिथेच घाला. मला हे इतकं पटलं की आम्ही लगेच हलवून पाठवलं, आणि त्यांनी ते घेतलं.

बदलाखाली, अडचण कुणाच्या लक्षात आली त्याचंही नाव घालायची पद्धत आहे. तिथे मी रूपीचं घातलं. मिथुन शाळाभर भांडत फिरला की पेनड्राइव्ह मी नेलाच नसता तर तुमच्या काही लक्षात आलं असतं का. रूपी म्हणाली, याचं नाव घाला, पण अडचण म्हणून.