सरपंचाच्या घरची आंबिल

"आत्याबाई, आंबिल करपली की! वास येईना व्हय?"

शिवकन्या धावत चुलीपाशी आली. हंड्यातून धूर निघत होता आणि सासू धुरपदाबाई निवांत ढवळत बसली होती. जत्रेच्या आंबिलीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई! तिनं हंड्यावर नाक नेलं.

"परवाधरनं कशाचाच वास येईना बघ," म्हणाली आणि खोकली.

शिवकन्या दोन पावलं मागं सरकली. दोन हजार एकवीसचा एप्रिल होता. देशभर दवाखान्यांत खाट मिळेना, आणि गावात म्हणे नुसती सर्दी! ताप सांगितला की घर बंद करून दाराला पत्रा ठोकतात, म्हणून जो तो गोधडीत तोंड खुपसून खोकत होता. उद्या जत्रा. सरपंचाच्या घरची आंबिल एकाच वाटीनं साऱ्या गावानं प्यायची, अशी रीत.

सरपंच शिवकन्याच होती, पण सहीपुरती. बोलायचं ते नवऱ्यानं, रणधीरनं.

"तोंड उघडू नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "जत्रा मोडली तर पुढच्या खेपेला कुत्रं मत देणार न्हाय. आईला मागल्या खोलीत ठेव, दुसरी आंबिल कर."

"अन् गावच ऱ्हायलं न्हाय तर कुणाचे सरपंच आपण?" एवढं बोलून ती तडक पंचायतीत गेली.

शिपाई धोंडप्पानं तिच्या मागं पाहिलं. "मालक कुठं हायत?"

"मालक न्हाईत. तुमी माईक चालू करा."

तिनं माईक तोंडाशी धरला. "म्या सरपंच बोलतीया. जत्रा बंद. रोग आमच्याच घरात आलाय, माझ्या सासूला झालाय. ताप लपवू नका. पयला पत्रा माझ्या दाराला ठोका."

भोंगा गावभर घुमला. मग शिव्या सुरू झाल्या. संध्याकाळी कुणीतरी दारावर शेण फेकलं, तेव्हा ती हमसून रडली. सासूनं तर दिवसभर तोंडच फिरवलं होतं. चारचौघांत नाव घेतलं ना!

दुसऱ्या दिवशी गावची आशा कार्यकर्ती महेश्वरी धापा टाकत ओट्याखाली उभी राहिली. "ताई, लोकं ताप सांगायलेत आता. सतरा घरं झाली. पण गाडीत कुणी बसंना. मागं उमरग्याच्या दवाखान्यात नेलेलं एक बी माणूस परत आलं न्हाय म्हणत्यात."

रुग्णवाहिका चौकात दार उघडं टाकून उभी होती. घराघरांची दारं बंद, फटीफटीतून डोळे. 

तेवढ्यात धुरपदाबाई उठली. जत्रेसाठी काढलेलं नवं लुगडं नेसली, नाकावर पदर दाबला आणि चौकाकडं निघाली. चार पावलांत तिला दम लागला. शिवकन्या आधार द्यायला धावली.

"लांब ऱ्हा," म्हातारी तिच्याकडं न बघता म्हणाली. "तुला अजून लई बोलायचंय."

दांडी धरून ती एकटीच गाडीत चढली आणि कडेला सरकून बसली, बाकीच्यांना जागा व्हावी म्हणून. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग समोरच्या घराची कडी आतून निघाली.