पान सत्त्याण्णव ते एकशे अठ्ठावीस

दाभणकाकांनी पान उलटलं आणि नदीच्या गाळात एक बाई गायला लागली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. बाई गातच होती. हातातला प्रबंध होता नदीमुखाशी साचणाऱ्या गाळावरचा. पाठीवरची सोनेरी अक्षरं त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी ठोकली होती. शहाण्णवव्या पानापर्यंत सगळं नीट होतं: तक्ते, आलेख, वाळूच्या कणांची मापं. आणि सत्त्याण्णवव्या पानावर कुणी एक आई बाळाला सांगत होती की डोळे मिट राजा, वाऱ्याला मी दाराबाहेरच उभं केलंय. पुढे एकतीस पानं अंगाईगीतंच. एकशे एकोणतिसाव्या पानावर पुन्हा गाळ.

काका मटकन स्टुलावर बसले.

विद्यापीठाच्या तळघरातली ही बाइंडिंगची खोली त्यांची चौतीस वर्षांची. उंच, काटकुळा माणूस, हातात कायम शिवणीचं दाभण, म्हणून कुणीतरी दाभण म्हटलं आणि ते इतकं चिकटलं की हजेरीबुक सोडलं तर खरं नाव कुठे उरलंच नव्हतं. संशोधन करणारा कितीही मोठा असो, त्याला एकदा काकांच्या दारात यावंच लागे. विज्ञानाला लाल पुठ्ठा, तंत्रज्ञानाला निळा, भाषेला हिरवा, कलेला जांभळा. कुणी बेडकाच्या कातडीवर सहा वर्षं घालवलेली असत, कुणी पुलाच्या थरथरण्यावर, कुणी म्हाताऱ्या माणसांच्या शिव्यांवर, कुणी जुन्या मडक्यांवरच्या निळ्या रंगावर. काका अक्षरं ठोकत आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगत.

"आज बेडूक आला होता."

"मेल्या बेडकाचं काय अडलं होतं यांच्यावाचून?" बायको म्हणे.

"अगं, कुणीतरी बघायला नको का त्याच्याकडे?"

हे ते अगदी मनापासून म्हणत. जगातली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी नीट बघतंय, ते लिहून ठेवतंय, आणि ते लिहिलेलं दुसरं कुणीतरी शहाणं माणूस वाचतंय, यावर त्यांची श्रद्धा होती. स्वतः त्यांनी मात्र कधी एक ओळ वाचली नव्हती. काम शिकवणाऱ्या वस्तादाने पहिल्याच दिवशी कान पिळला होता: बाइंडर वाचायला लागला की कामाचा खोळंबा. आपण पानाच्या तळाचा आकडा बघायचा, बस्स.

त्या आकड्यानेच घात केला होता. तेव्हाची पद्धत अशी, की पाचही प्रतींची पानं बत्तीस-बत्तीसच्या गठ्ठ्यांत लांब टेबलावर मांडायची आणि टेबलाभोवती फिरत एकेक गठ्ठा उचलायचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोन प्रबंध एकदम आले असणार, एक लाल व्हायचा, एक हिरवा. पण पुठ्ठा चढेपर्यंत सगळे कागद पांढरेच. सत्त्याण्णव ते एकशे अठ्ठावीस, आकडे बरोबर. गठ्ठे मात्र इकडचे तिकडे.

आता जुने प्रबंध मशीनमध्ये घालून कॉम्प्युटरवर चढवायचे होते, त्यासाठी काका स्वतःचीच शिवण स्वतः उसवत बसले होते. निवृत्तीला आठ दिवस राहिले होते. ते लाल प्रबंध काखोटीला मारून धावतच वर गेले आणि ग्रंथपालबाईंकडून अंगाईगीतांवरचा हिरवा प्रबंध मागून घेतला. उघडला. दोनशे बारा घरांतली अंगाईगीतं, आणि बरोब्बर मधोमध गाळ.

"अगंबाई!" ग्रंथपालबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांना आठवण झाली. दोन्ही प्रबंधांच्या मागच्या खिशात परीक्षकांचे अहवाल होते. त्यांनी गाळावरचा उघडून वाचला: चौथ्या प्रकरणातील आकडेवारी विशेष भक्कम आहे. मग अंगाईवरचा: चौथे प्रकरण वाचताना मन हेलावून जाते.

दोन्हींतही चौथं प्रकरण म्हणजे पान सत्त्याण्णव ते एकशे अठ्ठावीस.

बाईंना हसू आवरेना. काकांचा चेहरा बघून त्या गप्प झाल्या. "काका, आठ दिवस राहिलेत. पुठ्ठा लावा आणि विसरून जा. बावीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही ना?"

"तेच तर," काका म्हणाले.

आपल्या हातून चूक झाली याचा धक्का होताच. चोख काम एवढीच काय ती त्यांची कमाई होती. पण खरी पायाखालची वाळू सरकली ती दुसऱ्याच गोष्टीने. कुणी वाचलंच नव्हतं. परीक्षकांनीही नाही. मग ते बेडूक, ते पूल, ती मडकी? चौतीस वर्षं आपण काय बांधत होतो? जायच्या आधी ही चूक त्या दोघांपुढे कबूल करायची आणि पानं जागेवर लावायची, एवढंच त्यांना त्या क्षणी सुचलं. ते केल्याशिवाय त्यांना घरी जाता येणार नव्हतं.

गाळवाला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तो आता डीनसाहेब होता, तिसऱ्या मजल्यावर. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेब आधी चपापले, मग खुर्चीत मागे रेलून खो खो हसले.

"म्हणजे माझ्या प्रबंधात अंगाई? अहो, डिग्री हातात पडल्यावर मी कशाला परत उघडतोय तो!"

"साहेब, पण ती पानं..."

"राहू द्या हो. कशाला उगाच धुरळा उडवता? आणि काय हो, तुम्ही तरी वाचलंत का ते अंगाईचं?"

"नाही, साहेब."

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

काका जिना उतरायला लागले. साहेब हसले याचं त्यांना वाईट वाटलं नाही. साहेबांचं शेवटचं वाक्य मात्र सुईसारखं घुसलं, कारण ते खरं होतं. तळघरात येऊन त्यांनी दार लावून घेतलं, वस्तादाची मनोमन माफी मागितली आणि ती बत्तीस पानं पुढे ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटचं पान झालं तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

अंगाईवाल्या बाईंचा पत्ता भाषा विभागाच्या कारकुनाने दिला. "ती होय? प्राध्यापकाची जागा चालून आली होती तिला. नाही म्हणाली, वेडी. बाजारात बटणांचं दुकान आहे तिचं."

दुसऱ्या दिवशी काका दोन्ही गठ्ठे पिशवीत घालून गेले. दुकान कसलं, बोळच तो. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लहान लहान खण आणि प्रत्येक खणावर एक बटण शिवलेलं, खाली बारीक अक्षरात आकार, रंग, कशाचं बनवलंय ते. काउंटरमागे पन्नाशी उलटलेली बाई.

"कसली बटणं देऊ?"

"बटणं नकोत. मी विद्यापीठातला बाइंडर. तुमचा प्रबंध मी बांधला होता." काकांनी पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. "माझ्या हातून मोठी चूक झालीय, बाई. तुमचं चौथं प्रकरण..."

"गाळात गेलं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"प्रत हातात आली त्याच संध्याकाळी कळलं."

"मग आला का नाहीत? एका तासात बदलून दिलं असतं हो!"

"येणार होते. चपला पण घातल्या होत्या." बाई काउंटरवरची बटणं गोळा करू लागल्या. "मग वाटलं, थांबू. तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेलच, की बाई, अंगाईत हा चिखल कुठून आला? मग मी माफी मागेन, खरं प्रकरण पुढे ठेवेन. पिशवीत घेऊनच गेले होते. तीन परीक्षक होते. एकाने विचारलं, एवढा प्रवास एकटीने कसा केला? दुसऱ्याने टायपिंगचं कौतुक केलं. तिसरे म्हणाले, चौथ्या प्रकरणाने आम्हाला रडवलं."

एक गिऱ्हाईक आलं. त्याला कोटाची चार बटणं हवी होती. बाईंनी न बघता खण ओढला, चार मोजून कागदात बांधली.

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," गिऱ्हाईक गेल्यावर त्या म्हणाल्या. "पिशवी तशीच घेऊन घरी आले. नंतर टेपरेकॉर्डर उचलावासाच वाटेना. दोनशे बारा घरं फिरले होते मी. कुणासाठी?"

बावीस वर्षं काका पोटभर जेवले होते, शांत झोपले होते, बायकोला बेडकाच्या गोष्टी सांगत होते. आणि आपल्या हातच्या एका गठ्ठ्याने इथे एका माणसाचं सगळं आयुष्य दुसरीकडे वळलं होतं. कुणी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

"माझ्यामुळे झालं हे," ते कसेबसे म्हणाले.

"तुमच्यामुळे कसलं? तुम्ही नुसती पानं बदललीत." बाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना. "आता काय, दुरुस्त करून देणार?"

"ते तर देणारच. पाचही प्रती. पण त्याच्याआधी मला एक विचारायचंय." त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढला. "मी अडाणी माणूस. कामात वाचायची सवय नाही. पण काल वाचलं. बत्तीसच्या बत्तीस पानं, दोनदा."

बाईंचा हात खणावरच थांबला.

"पान एकशे अकरा," काका म्हणाले. "ती नळाच्या कोपऱ्यावरच्या घरातली बाई. चार ओळी गाते आणि मग तुम्ही लिहिलंय, इथे गायिका थांबली. एवढंच. पुढे दुसरं घर सुरू. ती का थांबली हो? रात्रभर मला तेच."

बाईंनी खण आत ढकलला. काउंटरच्या बाहेर आल्या, दारावरची पाटी बंदच्या बाजूला फिरवली आणि दुकानातलं एकुलतं एक स्टूल काकांपुढे सरकवलं. काका संकोचून बसले. बाई मात्र बसल्या नाहीत. त्यांनी केसांवरून हात फिरवला, समोर येऊन सरळ उभ्या राहिल्या आणि घसा साफ केला.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या घरी मी दोनदा गेले होते. पहिल्या खेपेला पाळण्यात मूल होतं."