ट्रॅक्टरच्या नाकावरचा आठवा ठोकळा

बोलतो आहे तो ट्रॅक्टर नव्हे. ट्रॅक्टरबद्दल बोलणारे या थंड, गवताळ मुलखातल्या आमच्या गावात पुष्कळ आहेत. मी त्याच्या नाकापुढे टांगलेल्या आठ बिडाच्या ठोकळ्यांपैकी उजव्या टोकाचा. माझे वजन पंचेचाळीस किलो. ते माझ्या पोटावरच कोरलेले असल्यामुळे चारचौघांत कमी करून सांगण्याची सोय नाही.

ज्या दिवशी मला ओतले, त्याच दिवशी शेजारच्या साच्यात घर तापवणाऱ्या बंद शेगडीचे दार ओतले गेले. त्याच्यावर वेलबुट्टी होती. माझ्या साच्यात काहीच नव्हते. उचलताना हात घालायला वर एक खाच, एवढाच माझा अलंकार. ते दार आज कुणाच्या तरी घरात उबेला बसले असेल. मत्सर म्हणतात तो मला तिथूनच जडला.

माझे काम सांगायला कठीण आहे. मागे चार फाळांचा नांगर असतो. तो उचलला की ट्रॅक्टरचे नाक हलके होते आणि पुढची चाके जमीन सोडू पाहतात. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर आपल्या मनाला येईल तिकडे जातो. आम्ही आठजण नाकावर बसून हे होऊ देत नाही. म्हणजे आमचे काम नीट झाले, तर काहीच घडत नाही. आणि काही न घडल्याबद्दल आजवर कुणाची पाठ थोपटली गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नांगराची थोपटली जायची. आमचा मालक ओराझबेक नांगरट संपली की फाळावरची माती अंगठ्याने पुसायचा आणि त्या चकाकीत आपल्या मिशा पाहून घ्यायचा. मला त्याचा स्पर्श व्हायचा तो बुटाचा. चिखल खरवडायला माझी कड त्याला सोयीची पडत असे.

तरी नांगराचा मत्सर मी पचवला. तो निदान घाम गाळणारा होता. पण मग अंगणात ते राखाडी शिंगरू वाढू लागले.

दोन वर्षांचे, लांब पायांचे, बिनकामाचे. ओराझबेक त्याला बायकोच्या कंगव्याने विंचरायचा.

"कुल्याश, याची चाल बघ! वाऱ्यालासुद्धा धाप लागेल."

"वाऱ्याचं वारा बघेल," कुल्याश म्हणायची. "आणि माझा कंगवा ठेव. उताराची नांगरट पडलीये. पंधरा दिवसांत जमीन गोठली, की वसंतात पेरायला काही नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात तुझा हा राजपुत्र काय बर्फ खाणार?"

नेमके त्याच आठवड्यात भाचा येणार असल्याचा निरोप आला.

बहिणीच्या मुलाने मामाकडे आयुष्यात तीनदा हवे ते मागावे आणि मामाने नाही म्हणू नये, ही आमच्याकडची रीत. भाचा येणार म्हटल्यावर मामालोक तोंडाने 'ये, ये' म्हणतात आणि डोळ्यांनी घरातल्या चांगल्या वस्तू मोजतात. ओराझबेकने मोजायचा त्रास घेतला नाही. त्याने सकाळीच शिंगरू शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधले.

अल्दियार आला. पुढच्या गावात त्याची स्वतःची शेती. मामाच्याच ट्रॅक्टरसारखा ट्रॅक्टर. अंगणात जेवण झाले, चहाचे चार वाडगे झाले. पाचव्याला तो म्हणाला, "मामा, पहिली मागणी घेऊन आलोय."

ओराझबेकच्या हातातला वाडगा ओठांपाशीच थांबला. "माग की. घर तुझंच."

"मी पाच फाळांचा नांगर घेतलाय. ट्रॅक्टर नाक वर करून चालतो, नुकत्याच बढती मिळालेल्या साहेबासारखा. तुमची पुढची वजनं द्या."

"बस्स? लोखंड?" ओराझबेक इतक्या मोठ्याने हसला की शेजाऱ्याची कोंबडी पळाली. "ने! सगळी ने!"

"आणि उतारावर आपण काय करायचं?" कुल्याशने विचारले.

"वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय मी. माझं वजन काय कमी आहे?"

'लोखंड' हा शब्द मी ऐकला. ज्या स्वरात तो उच्चारला गेला, तोही ऐकला.

भाच्याने एकेक ठोकळा आपल्या जुन्या मोटारीच्या डिकीत टाकायला सुरुवात केली. सातवा पडला आणि मोटारीनेच नाक वर केले. "हिलाही बढती मिळाली," तो म्हणाला. त्यामुळे मी आठवा मागे राहिलो.

संध्याकाळी शिंगरू परत आले. त्याला बांधायला काहीतरी जड हवे होते. माझ्या खाचेतून दोरी ओवली गेली. आता ओराझबेक रोज माझ्यापाशी येऊन बसू लागला; मला पाहायला नव्हे. तो शिंगराला गाजर भरवायचा, त्याच्या कपाळावर ओठ टेकायचा. मी दोन हात खाली, लिदीत.

मग तो उताराच्या नांगरटीला गेला. उतार आमच्या अंगणासमोरच आहे; मला सगळे दिसत होते. नांगराची पहिली दोन तासे नीट झाली. तिसऱ्याच्या टोकाला त्याने नांगर उचलला आणि चढावर वळायला गेला. पुढची चाके सुटली. आधी एक वीत, मग हातभर, मग ट्रॅक्टर मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यासारखाच दिसू लागला. ओराझबेकने लिफ्टचा दांडा दाबला, नांगर धाडकन जमिनीत रुतला आणि नाक खाली आदळले. तो स्टिअरिंगवर आपटला.

खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिली आली ती भीती नव्हती. 'बघा म्हणावं आता,' हे आले. लाज नंतर वाटली. जड वस्तूला लाज वाटायला वेळ लागतो, पण मग ती जातही नाही.

गळ्याजवळचे हाड मोडले होते. कुल्याशने हात झोळीत बांधताना विचारले, "नुसतं लोखंडच होतं ना ते?"

तो मोकळ्या हाताने मिशीतली माती झाडू लागला.

"माणूस पाठव, परत मागव."

"भाच्याला दिलेलं परत मागू? लोक काय म्हणतील?"

"मयताला आल्यावर जे म्हणतात तेच. चांगला होता, म्हणतील."

तरी त्याने माणूस पाठवला नाही. सकाळी पाणवठ्यावर पातळ बर्फ दिसू लागले होते. उतार तसाच पडून होता.

अपघाताची बातमी पुढच्या गावात आपोआप पोचली आणि तिसऱ्या दिवशी अल्दियार ट्रेलर घेऊन आला. शिंगरू उघड्यावर उभे होते, लपवायला सवड मिळाली नव्हती. ओराझबेकचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, दुसरी मागणी आहे."

"माग," ओराझबेक म्हणाला.

"ही सात वजनं परत घ्या."

"दिलेलं मी घेत नसतो."

"मागणी आहे. तुम्हाला नाही म्हणता येत नाही."

"मग तुझा नांगर?"

"सिमेंटचा ठोकळा ओतलाय. थडग्यासारखा दिसतो, पण नाक खाली धरतो."

ओराझबेक माझ्यापाशी आला, वाकला आणि एका हाताने दोरीची गाठ सोडू लागला. फार वेळ लागला. कुणी मदत केली नाही. "तू आलास त्या दिवशी हे शेजाऱ्याकडे लपवलं होतं मी."

"माहीत आहे, मामा. जेवण होईपर्यंत तिकडून खिंकाळत होतं."

"मग मागितलं का नाहीस?"

"मला वजनंच हवी होती. आणि आताही मी हे मागितलेलं नाही."

"म्हणूनच देतोय," ओराझबेक म्हणाला आणि दोरी त्याच्या हातात दिली.

उतार भाच्याने नांगरला, आम्हां आठांना नाकावर घेऊन. काहीच घडले नाही. दोन दिवसांनी जमीन गोठली.

आता ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी ओराझबेक आम्हां प्रत्येकावर हात ठेवतो. माझ्यावर जरा जास्त वेळ. मी फुशारून गेलो होतो. बाकीचे सात माझ्यावर जळत होते, आणि ते सुख काही औरच असते. मग एक दिवस कळले. माझ्या खाचेतल्या गंजाला चार राखाडी केस अडकले आहेत. त्याची बोटे ते चाचपतात.

पाऊस यावा आणि ते केस वाहून जावेत, असे मला रोज वाटते. आणि ते गेल्यावर तो हात ठेवील का, याचीही रोज धास्ती वाटते. म्हणून विनंती एवढीच, की कधी या बाजूला आलात आणि स्वच्छतेची हौस असली, तर नांगर पुसा. मला पुसू नका.