कोरडी रेती

मांजराची घाण काढायचं काम माझ्याकडे सत्तराव्या वर्षी आलं, आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. माझा जन्म मेंढरांत गेला. दिवाळी सरली की आटपाडीच्या माळावरून आम्ही खाली यायचो, पलूसकडचे बागायतदार खतासाठी आमचा कळप रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. सकाळी उठलं की मी आधी लेंड्या बघायचो. लेंडी चिकट झाली, बारीक झाली, तिला शेंब आला, की ते मेंढरू वेगळं बांधायचं. तोंड बघून जनावर कळत नाही, मागं बघून कळतं, असं माझा बाप सांगायचा. एवढं आयुष्य ज्याचं त्यात गेलं, त्याला बोक्याची रेती चाळण्याचं काय एवढं.

बोका माझ्या नातीचा, अंकिताचा. तिनं ठेवलेलं नाव इंग्रजी होतं, ते माझ्या जिभेवर बसेना. रंगानं राखाडी म्हणून मी त्याला भुऱ्या म्हणायचो. मेंढरं विकल्यावर मी सांगलीला माझ्या मुलाकडे, विश्वजितकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा भुऱ्या त्या घरात आधीपासून होता. गॅलरीत एका पसरट टबात त्याची रेती असायची. ती नदीची वाळू नव्हे. दुकानातून पिशवीनं येते, बारीक, राखेच्या रंगाची. मांजर मुतलं की तेवढ्या जागेचा घट्ट गोळा होतो. आम्ही घरात त्याला खडा म्हणायचो. सकाळी खडे आणि लेंड्या काढायच्या, रेती सारखी करायची, आणि पंधरा दिवसांनी सगळी टाकून टब धुवायचा.

रेतीबरोबर आलेला प्लॅस्टिकचा चमचा मोडला, तेव्हा माझ्या सुनेनं, मंगलनं, पुऱ्या तळायचा जुना झारा दिला.

"मामा, ह्यो आता परत कट्ट्यावर आणू नगा," ती म्हणाली. "चुकून पुऱ्या तळल्या तर तुमचा ल्योक म्हणंल, आज चव हाय."

काढलेलं सगळं मी पेपरात बांधून खाली घंटागाडीत टाकायचो. गाडीवरची राणी विचारायची, "आजोबा, ओला का सुका?"

"आत ओला, वरनं सुका."

"रोज ह्योच इनोद हाय का तुमचा?"

"रोज हीच घाण हाय, बाई."

हे अंकिता घरात होती तोवर. नंतर हसण्यासारखं फार राहिलं नाही.

अंकिता साताऱ्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं रजिस्टर लग्न केलं. मुलगा आमच्यातला नव्हता. विश्वजितनं तिला घर बंद केलं. तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. मंगलचा जीव पोरीत किती आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं तिला देव्हाऱ्यापुढं उभं केलं आणि बिरोबाची शपथ घातली, की पोरीशी तोंडातून एक शब्द बोलायचा नाही. आमच्यात बिरोबाची शपथ मोडत नाहीत. मंगल शहरात वाढलेली, मेंढरू तिनं बाजारातच बघितलेलं, पण शपथ तिलाही कळत होती.

मला कोणी शपथ घातली नाही. म्हाताऱ्याचं कोण मनावर घेतंय.

साताऱ्यातल्या खोलीच्या मालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून भुऱ्या आमच्याकडेच राहिला. गेल्यावर आठ दिवसांनी अंकिताचा माझ्या फोनवर पहिला निरोप आला. "आबा, किती खडे?"

मला लिहायला तिनंच शिकवलं होतं. ती चौथीत होती, सुट्टीला माळावर आलेली, आणि मी साठीला टेकलो होतो. मी पाच मिनिटं लावून लिहिलं, "दोन मोठे. एक बारीक. लेंडी बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग रोजच. सात महिने हेच चाललं होतं. मी गॅलरीत झारा घेऊन बसलो की मंगल दाराशी यायची.

"काय म्हणती?"

"खडे इचारती."

"आन दुसरं?"

दुसरं काही नसायचं. पण हळूहळू एखादी ओळ जास्त येऊ लागली. "आज इकडे धुकं आहे." "मला नाईट लागली." एकदा आलं, "आईचा गुडघा?" ते मंगलनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "लिवा, बरा हाय." बरा नव्हता. पण मी लिहिलं.

श्रावण सरल्यावर एका बुधवारी टबात एकच खडा निघाला, मसुराच्या डाळीएवढा. गुरुवारी सकाळी रेती कोरडी. भुऱ्या टबात जाऊन बसायचा, पाठीची कमान करायचा, थरथरायचा, आणि काही न होता बाहेर यायचा. मी हे बघितलेलं होतं. जत्रेसाठी धान्यावर पोसलेल्या बकऱ्यांचं असंच मूत तुंबतं. मी अंकिताला लिहिलं, "रेती कोरडी. भुऱ्याचं मूत अडलं." तिनं लगेच फोन केला आणि एका जनावरांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मी त्याला त्याच्या जाळीच्या पेटीत घालून रिक्षानं घेऊन गेलो. डॉक्टरांनी बारीक नळी घालून वाट मोकळी केली, इंजेक्शन दिलं आणि मला समोर बसवून सांगितलं, "आजोबा, हे परत अडू शकतं. याला पेटीतच ठेवा, दोन-तीन तासांनी टबात सोडून बघा. उद्या दुपारपर्यंत लघवी दिसली नाही तर लगेच आणा. परवावर ढकलू नका."

शुक्रवारी माझ्या मेव्हण्याचा दहावा होता आटपाडीला. बहीण एकटी पडलेली, मला जाणं भाग होतं. निघताना मी मंगलला दोन-दोनदा सांगितलं. पेटी दाखवली, टब दाखवला, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

"जावा तुमी," ती म्हणाली. "मी काय ल्हान हाय का?"

दुपारी दीड वाजता, जेवणाची पंगत बसत होती तेव्हा मी बाजूला होऊन फोन लावला. मागं माणसांचा गलका होता.

"झाला का मोकळा?" मी विचारलं.

"व्हय, व्हय. सकाळपासनं लय वरडत हुता, मग केला मोकळा. आता गप पडून हाय. तुमी निवांत जेवा."

आम्हा मेंढकरांत जनावर मोकळं झालं म्हणजे त्याचं अडलेलं सुटलं. मेंढी व्याली की मोकळी झाली, बकरं मुतलं की मोकळं झालं. ओरडत होता, मोकळा झाला, आता शांत पडलाय, हे तर अगदी तसंच होतं, जसं दुखणं उतरल्यावर होतं. माझ्या मनावरचा दगड उतरला. मी तिथंच उभ्या उभ्या अंकिताला लिहिलं, "भुऱ्या मोकळा झाला."

तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "आबा, रविवारी येते त्याला बघायला. आईला सांगा. पप्पांनाही सांगा."

मी ते चार वेळा वाचलं. सात महिन्यांत तिनं बापाचं नाव घेतलं नव्हतं. मी मंगलला पुन्हा फोन करून ते वाचून दाखवलं. "ह्यांना सांगती," ती म्हणाली. बहिणीनं रात्री राहा म्हटलं, मी राहिलो. भुऱ्याची काळजी मला उरली नव्हती.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी परत आलो. विश्वजितनं दार उघडलं आणि कधी नव्हे ते माझ्या हातातली पिशवी घेतली.

"उद्या ती येणार हाय म्हनं," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"व्हय."

"मग मटण आणतो सकाळी. तिला आवडतं." पिशवी आत ठेवत म्हणाला, "पुढल्या रविवारी आरेवाडीला जाऊन बिरोबापुढं नारळ फोडू. मंगलची शपथ सोडवून घिऊ देवाकडनं."

एवढं ऐकून मी हातपाय धुवायला गॅलरीत गेलो, आणि टबाकडे नजर गेली. रेती मी गुरुवारी सारखी केली होती, तशीच होती. झाऱ्याच्या रेघासुद्धा तशाच.

"मंगल," मी हाक मारली. "खडे तू काढलंस?"

ती हात पुसत आली. "न्हाई. त्यानं घाणच केली न्हाई, मामा. लय शाणा झालाय. कालपासनं आमच्या पलंगाखाली पडून हाय."

"आगं, तू म्हनलीस मोकळा झाला."

"केला की. नळीनं दुखणं गेलं असंच वाटलं मला. पेटीत लय वरडाय लागला, बघवंना. दार उघडून मोकळा केला."

पलंगाखाली वाकून त्याला ओढला. पोट दगडासारखं लागत होतं, कान गार होते. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. टॉवेलात गुंडाळून मी तसाच रिक्षात बसलो. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवेपर्यंत तो जिवंत होता. नळी घालेपर्यंत राहिला नाही.

"काल आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी रागानं म्हटलं नाही.

दुपारी मी त्याला इमारतीच्या मागं कंपाउंडच्या भिंतीशी पुरलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. दहा वेळा घेतला असेल. भुऱ्या मेला म्हणून लिहिलं तर ती येणार नाही, असं मला वाटलं. ती एकदा उंबऱ्याच्या आत आली, बापानं तिला ताटावर बघितलं, की मग मांजराचं दुःख सगळे मिळून करू. आयुष्यात मी जनावराचा सौदा कधी खोटा केला नव्हता. हा केला.

रविवारी विश्वजित मटणाच्या रांगेत गेला आणि मी खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलो. दहाच्या सुमाराला अंकिता फाटकातून आली. वाळली होती. खांद्यावर रेतीची नवी पिशवी होती.

"आबा, तिकडं ऑफरमध्ये मिळाली," ती पिशवी उतरवत म्हणाली. "आता कसा आहे तो?"

मी उठून उभा राहिलो. कसं सांगायचं ते सकाळपासून जुळवत होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच. "भुऱ्या गेला, पोरी. काल."

जिन्यात पावलं वाजली. मंगल खाली आली होती. शेवटच्या पायरीवर कठड्याला धरून ती उभी राहिली. नारळ अजून फुटला नव्हता, शपथ अजून होती. तिनं पदर तोंडात धरला होता.

"काल?" अंकिता म्हणाली. "तुम्ही शुक्रवारी लिहिलंत मोकळा झाला."

"व्हय."

"बघितला होता तुम्ही खडा?"

मी मंगलकडे बघितलं. तिनं मान हलवली, सांगा म्हणून. माझं नाव सांगा. मला ते कळलं. पण मी विचार केला, पोरीला बाप नाही, असून नाही. आता आईनं मांजर मारलं हे तिच्या डोक्यात बसलं तर तिला आईही राहायची नाही. मी म्हातारा आहे, आज आहे उद्या नाही. माझ्यावर आलं तर फार काय बिघडणार.

"न्हाई बघितला," मी म्हणालो. "मी आटपाडीला हुतो. तुला काळजी नको म्हणून न बघताच लिवलं."

"न बघता." तिचा आवाज वाढला नाही. "आबा, मी रोज तुम्हाला विचारत होते. दुसऱ्या कुणालाच नाही. मग ते रोजचे खडे तरी खरे होते का?"

"खरे हुते."

"आणि कालपासून गप्प बसलात. मी दुकानात जाऊन रेती घेतली, तेव्हा तो मेलेला होता."

"तू वर चल. तुझा बाप मटण आणाय गेलाय. त्यानं..."

"त्यांनी पण तुम्हालाच पाठवलं का सांगायला?"

मी तिचा हात धरायला गेलो, तो तिनं काढून घेतला. एकदा आईकडे बघितलं. मंगल पायरी उतरून पुढं झाली, ओठ हलले, आवाज निघाला नाही. आई आपल्याशी बोलायलाही तयार नाही, असंच पोरीला दिसलं असणार. शपथेचं तिला माहीत नव्हतं, निरोपात मी ते कधी लिहिलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, त्या क्षणी मला ते सुचलं नाही. ती वळली आणि फाटकातून बाहेर गेली. रिक्षा कोपऱ्यावरच उभी होती.

विश्वजित पाऊण तासानं आला. हातात काळी पिशवी होती, आणि शर्ट इस्त्रीचा होता.

"आली न्हाई अजून?"

"येऊन गेली," मी म्हणालो.

त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली, आत गेला आणि दार लावून घेतलं.

मी गॅलरीत टब धुवायला बसलो. जुनी रेती पिशवीत भरली, राहिलेली खरवडून काढली. मंगल पाण्याची बादली घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.

"तुमी माझं नाव घ्यायचं हुतं, मामा."

"घेतलं असतं तर ती तुझ्याशी कवा बोलली असती का?"

"आवं, माझ्याशी ती आत्ता तरी कुठं बोलत हुती?" मंगल म्हणाली. "बोलत हुती ती तुमच्याशी."

तिनं तांब्यानं टबात पाणी ओतलं. मी ब्रश हातात धरून बसून राहिलो. मला वाटलं होतं मी तिची आई वाचवली. तिची आई तर सात महिन्यांपूर्वीच गेली होती, देव्हाऱ्यापुढं. उरलेला एक मी होतो.

दुपारी फोन लावला, तिनं उचलला नाही. संध्याकाळी लावला तेव्हा बंद होता. आतून विश्वजितनं विचारलं, "लागला का?" मी नाही म्हणालो. तो पुन्हा विचारेल म्हणून मी थोडा वेळ दाराशी थांबलो. त्यानं विचारलं नाही.